काशीनाथअप्पांचा समुद्र

काशीनाथअप्पांच्या मुलीचा, महादेवीचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होतो. "काका, अप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. तिच्या मागं कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, तेवढा आवाज येत राहिला. मी अहमदपूरमार्गे लातूरची बस धरली. पोचलो तेव्हा अप्पांना ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर भस्म, गळ्यात हार. लिंगायतांमध्ये माणसाला बसवूनच माती देतात, हे मला ठाऊक होतं. तरी त्यांना तसं बसलेलं पाहून वाटलं, आता डोळे उघडतील आणि म्हणतील, "माधवराव, लई उशीर केला राव."

त्याला आता पाच आठवडे होतील. लातुरात काशीनाथअप्पांना ओळखणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांना ते हापशाचे अप्पा म्हणूनच माहीत. गंजगोलाईच्या बाजूला त्यांचं पंप, पाइप आणि वायसरांचं दुकान होतं. तालुक्यातला कुठलाही बंद पडलेला हापसा ते नुसता दांडा हलवून, आतलं काय तुटलंय ते सांगायचे. मला मात्र त्यांच्याबद्दल दुसरंच सांगायचं आहे. अप्पा गोल्फ खेळायचे. आणि हा खेळ समुद्राकाठी, बेटांवर जाऊन खेळायचा, असं त्यांनी एका कोरड्या तळ्यात उभं राहून ठरवलं होतं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. मी कंधारचा, नांदेडला नोकरीला लागलो आणि बदलीवर लातूरच्या नव्या कचेरीत आलो. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून फायली येत होत्या आणि त्या ठेवायला कपाटं नव्हती. पुढं दुष्काळ पडला. कामं सुरू झाली, तसे एक इंजिनिअर साहेब आले. राव त्यांचं आडनाव, मूळचे आंध्रातले. सामानात लांबुळकी कातडी पिशवी, तिच्यात गोल्फच्या काठ्या. शहराबाहेरचा तलाव तळापर्यंत आटला होता. रावसाहेब रविवारी सकाळी त्या भेगाळलेल्या जमिनीवर एकटेच चेंडू मारायचे. एकदा त्यांची काठी मोडली आणि ती जोडून घ्यायला मी त्यांना अप्पांच्या दुकानात घेऊन गेलो.

अप्पांनी काठी उलटीसुलटी करून पाहिली. "हे कशाला वापरायचं असतंय साहेब?"

रावसाहेबांनी सांगितलं. अप्पांनी काठी जोडली आणि रविवारी ती द्यायला स्वतः तलावात आले. लंगडत. लहानपणच्या आजारानं त्यांचा डावा पाय बारीक राहिला होता, पण त्या पायानं ते सायकलवर तालुका पालथा घालायचे. एक चेंडू मारून बघू द्या म्हणाले. पहिले सात-आठ चुकले. नववा लागला. उंच गेला, आणि भरावाच्या दगडांपाशी पडला. अप्पा तिकडं पाहतच राहिले. तेव्हा त्यांचं वय पस्तिशीचं होतं. मला वाटतं, त्याआधी त्यांच्या हातून एखादी वस्तू उगाच, नुसत्या आनंदासाठी, एवढ्या लांब गेली नव्हती.

पुढच्या रविवारी त्यांनी पाइपाचे तुकडे आणि लोखंडी पट्ट्या जोडून स्वतःच्या काठ्या करून आणल्या. त्यांचे शेजारी शेखमास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे, तेही यायला लागले. मी होतोच. असे आम्ही चौघे. हिरवळ कुठली? जळकं तेल ओतून रेती चोपायची, मधे डबा पुरायचा, की झालं चेंडू घालायचं भोक. खेळ संपला की रावसाहेब सावलीला बसून समुद्राकाठच्या मैदानांच्या गोष्टी सांगत. एकीकडे गवत, एकीकडे लाटा... एका बेटावर तर होडीनं जाऊन खेळावं लागतं.

वर्षभरात रावसाहेबांची बदली झाली. आम्ही तिघे उरलो. त्या रविवारी अप्पा म्हणाले, "आपुन जायाचं."

"कुठं?" मी विचारलं.

"समुद्राकडं. गोव्यापासून खाली खाली जायाचं. समदी मैदानं खेळायची. बेटं बी."

शेखमास्तर हसले. "अप्पा, समंदर देखे कभी?"

"न्हाई. म्हणून तर जायाचं."

मग दुकानाच्या मागच्या भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लागला. मास्तरांनी त्यावर लाल पेन्सिलीनं किनारा गिरवला. मुक्काम, रेल्वे, बस, होडी, सगळ्यांचा विचार अप्पांनी असा केला की जणू खोल बोअरमध्ये पाइप सोडायचे आहेत, एक जोड ढिला राहिला तर सगळं खाली जाईल. दोन मैदानं किनाऱ्यावरची, एक केरळच्या खाडीतल्या बेटावरचं. परवानगीची इंग्रजी पत्रं लिहायचं काम माझ्याकडं. किनाऱ्यावरच्या दोघांनी या म्हणून कळवलं. बेटावरच्या क्लबानं मात्र लिहिलं, की प्रत्येक खेळाडूनं हँडिकॅपचं सर्टिफिकेट पाठवावं.

इथं माझी चूक झाली आणि ती मी अजून विसरलेलो नाही. गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणजे खेळाडू किती मुरलेला आहे ते सांगणारा आकडा. मला हे माहीत नव्हतं, आणि विचारायला रावसाहेब जवळ नव्हते. मी कचेरीतला माणूस, मला तो शब्द एकाच अर्थानं माहीत, आणि आमच्यात तसे एकटे अप्पाच. खाली मान घालून म्हणालो, "अप्पा, त्यांना अपंगत्वाचा दाखला पाहिजे."

अप्पांनी कधी तो दाखला काढला नव्हता. एसटीत सवलत मिळते म्हणून लोकांनी किती वेळा सांगितलं, तरी नाही. पण दुसऱ्या दिवशी ते सरकारी दवाखान्यात रांगेत उभे राहिले, डॉक्टरांपुढं पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाय दाखवला, शिक्का घेतला आणि कागद माझ्या हातात दिला. "पाठवा."

उत्तर फार सभ्य होतं. आमच्या मैदानावर चढउतार आहेत, आपल्या प्रकृतीला ते झेपणार नाहीत, आपले मित्र खेळतील तोवर आपण व्हरांड्यात विश्रांती घ्यावी, असा मजकूर. मी तो अप्पांना वाचून दाखवला आणि रावसाहेबांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं तेव्हा आमचा घोळ आम्हाला कळला. मला वाटलं, अप्पा चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते दुकानात वायसर कापत बसले होते. बराच वेळ कापत राहिले.

"म्हंजी, माझा खेळ कसा हाय ते विचारलं हुतं त्यांनी?"

"हो अप्पा. चूक माझी आहे."

"आन् आपुन पाय पाठवला." मग वर बघून म्हणाले, "आता खेळ पाठवू. व्हरांड्यात मी बसणार न्हाई, माधवराव."

रावसाहेबांनी स्वतःच्या सहीनं आमच्या खेळाचे आकडे लिहून क्लबाला कळवलं. उत्तर आलं नाही. तरी अप्पांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतली तिकिटं काढायला लावली. आदल्या दिवशी आम्ही दुकानात सामान बांधत होतो. तेवढ्यात औशाकडच्या एका गावाच्या आठ-दहा बाया रिकाम्या घागरी घेऊन दारात आल्या. गावातले दोन्ही हापसे बंद पडले होते. पुढं असणारी म्हातारी म्हणाली, "अप्पा, तू निघालास म्हनं. मग आमी काय करावं?"

अप्पांनी बांधलेली वळकटी सोडली. शेखमास्तर म्हणाले, "अप्पा, टिकटां...?"

"समुद्र कुठं पळून चाल्लाय का मास्तर? ह्यांचं पाणी पळून चाल्लंय."

तो उन्हाळा ते गावोगाव फिरले. रविवारी मी आणि मास्तर पाइप ओढायला जायचो. खोल गेलेल्या पाण्यापर्यंत एकेक पाइप वाढवायचा, दांडा हलवायचा, आणि कोरडी हवा फुसफुसत वर आली की पुन्हा उपसायचा. मी एकदा वैतागून म्हणालो, आता राहू द्या, यात पाणीच नाही. अप्पा घाम पुसत म्हणाले, "हाय का न्हाई ते खाली गेल्याबिगर कसं कळंल?" त्या गावात पाणी लागलं. दुसऱ्या दोन गावांत नाही लागलं. तिथल्या लोकांपासून ते तोंड लपवून निघून गेले नाहीत. बसले, चहा घेतला, टँकरसाठी अर्ज कसा करायचा ते मला लिहून द्यायला लावलं.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला आणि आमचं मैदान बुडालं. अप्पा भरावावर उभे राहून हसत होते. तोपर्यंत ते एवढे हसलेले मी पाहिले नव्हते. म्हणाले, "आता तर जावंच लागतंय. हितं खेळाया जागाच न्हाई ऱ्हायली."

दिवाळीनंतर आम्ही निघालो. छोट्या रेल्वेनं मिरज, तिथून गोवा. पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा अप्पा वाळूत बसले. मी आणि मास्तर पाण्यात गेलो, ते आले नाहीत. परतलो तर म्हणाले, "येवढं पाणी... आन् एक घागर भरायची सोय न्हाई." मग ओंजळभर घेऊन चाखलं, थुंकलं, आणि पुन्हा चाखलं.

किनाऱ्यावरच्या मैदानात वेगळीच अडचण आली. गवत. काठी गवताला लावायची अप्पांची तयारी होईना. चेंडूबरोबर गवताचा तुकडा उपटून निघाला की ते खेळ थांबवून तो परत जागेवर दाबायचे आणि बाटलीतलं पाणी घालायचे. मागचे लोक खोळंबायचे. दुसऱ्या मैदानापर्यंत त्यांचा हात मोकळा झाला, पण तुकडा दाबून बसवणं काही सुटलं नाही.

बेटावर होडीनं गेलो. धक्क्यावर क्लबाचे सेक्रेटरी उभे होते, वयस्क, पांढऱ्या कपड्यांतले. अप्पांच्या पायाकडं नजर गेल्याबरोबर त्यांना पत्र आठवलं असणार. ते इंग्रजीत म्हणाले, रावसाहेबांचं पत्र मिळालं होतं, उत्तर काय द्यावं ते सुचलं नाही. मी भाषांतर केलं. अप्पा म्हणाले, "त्यांना सांगा, मी पाठवलेला दाखला खोटा न्हाई. पर अर्धा हाय. बाकीचा अर्धा आता बघा म्हनावं."

पहिला चेंडू खाडीत गेला. सेक्रेटरींनी दुसरीकडं पाहिल्यासारखं केलं. अप्पांनी दुसरा ठेवला. तोही पाण्यात. मास्तरांनी माझा दंड धरला. तिसऱ्याच्या वेळी अप्पा आपली पाइपाची काठी घेऊन एवढा वेळ उभे राहिले की मला वाटलं, आता परत फिरतील. मग काठी फिरली. चेंडू पाणी ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर उतरला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेक्रेटरी फक्त चालू लागले आणि अप्पांच्या शेजारून, त्यांच्या चालीनं, सगळी नऊ भोकं चालले. शेवटी चहा घेतला तो व्हरांड्यातच. पण तेव्हा सगळेच बसले होते.

नंतर माझी नांदेडला बदली झाली, शेखमास्तर निवृत्त झाले, नकाशा उतरला. आम्ही पुन्हा कधी असे गेलो नाही. अप्पांनीही त्या दौऱ्याचा गाजावाजा केला नाही. पुढच्या दुष्काळांत ते पुन्हा हापशांच्या मागं होते, आणि शेवटची काही वर्षं महादेवीच दुकान बघत होती.

परवा मी लातूरला गेलो, सांत्वनाचं सगळं होऊन गेल्यावर, निवांत. महादेवीनं मागचं अंगण दाखवायला नेलं. नवी फरशी घातली होती. कडेला, पेरूच्या झाडाजवळ, दोन वीत जागा मातीचीच सोडलेली. मातीत दोन खड्डे, एक खोल आणि रुंद, एक जेमतेम उमटलेला. रोज सकाळी पूजा झाली की अप्पा तिथं उभे राहून काठी फिरवायचे, चेंडूशिवाय, शंभर वेळा. मला हे माहीतच नव्हतं.

"मिस्त्री म्हणत होता, भरून टाकू," महादेवी म्हणाली. "मी म्हटलं, हात लावायचा नाही."

तिनं अप्पांची पाइपाची काठी माझ्या हातात दिली. मी चपला काढल्या आणि त्या खड्ड्यांत पाय ठेवले. तोल सावरेना.

"सगळा भार उजव्यावर घ्या काका," ती म्हणाली. "डावा नुसता टेकवा. आता फिरवा."

मी फिरवली. झाडावरचे दोन पक्षी उडाले.

"पुन्हा," ती म्हणाली.