दांडा पूर्ण फिरव

इनास गेल्याचं मला मस्कतमध्ये कळलं, क्रेनवरून जेवायला खाली उतरलो तेव्हा. फोन त्याच्या बायकोचा, रोझाचा होता. "भाऊ, ते गेले. ऑपरेशननंतर आठव्या दिवशी." एवढंच बोलली. याला आता सहा आठवडे झाले. त्याआधी दहा दिवस इनासचा स्वतःचा फोन आला होता. त्या फोनवर मी काय केलं ते सांगायचं, तर आधी आचोळ्याचं व्हिडिओ गेमचं दुकान सांगावं लागेल.

आठवीत शाळा सोडून मी जतहून आचोळ्याला मावशीकडे आलो आणि लेथच्या गाळ्यात कामाला लागलो. शेजारच्याच गाळ्यात इनासची व्हिडिओ गेमची तीन मशिनं होती. तो जवळच्या नंदाखाल गावचा, घरची केळीची वाडी. रोज मोपेडवरून यायचा, पुढे कधी केळ्यांची फणी लटकवून. त्यातली दोन केळी न मागता माझ्या हातात यायची. गावाबाहेर मला मिळालेला तो पहिला मित्र. हरला तो उठला, अशी दुकानाची रीत होती, आणि उठायची मला भारी भीती. म्हणून मारामारीच्या गेममध्ये मी लांबूनच लाथा मारत राहायचो. जिंकायचो कमी, टिकायचो जास्त.

गेममध्ये एक थोराड पैलवान होता. त्याचा एक डाव... मशिनचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, पूर्ण गोल फिरवून बटण दाबलं की तो समोरच्याला उचलून गरगरा फिरवून आपटायचा. समोरच्याची अर्धी ताकद एका झटक्यात साफ! पण त्यासाठी अगदी अंगाला भिडावं लागे, आणि हुकला की पैलवान हात पसरून नुसता उभा, मार खायला. शिवाय गोल फिरताना दांडा वर जातो, आणि वर थांबला की गडी उडी मारतो. माझा हमखास उडायचा. पोरं ओरडायची, "घाटी उडाला रे!"

एक दिवस इनासने माझ्या हातावर हात ठेवला. "भितोस ना, तेव्हा वर आल्यावर दांडा अडतो तुझा. आधी छोटा ठोसा मार. ठोसा चालू असताना गडी उडू शकत नाही. तेवढ्यात फिरवून घे. आणि ठरव आधीच. जवळ जाऊन विचार करत बसलास की मेलास."

"आणि हुकला तर?"

"तर उठायचं. काय फाशी देतंय का कोण?"

दोन महिने मी उठतच होतो. मग डाव लागायला लागला. पुढे क्रेनच्या परीक्षेला बसू की लेथवरच राहू, यात मी दोन वर्षं घालवली, तेव्हा फॉर्मही त्यानेच आणून दिला. मी मस्कतला निघताना त्याने मशिनच्या दांड्याचं लाल बोंड काढून माझ्या हातात ठेवलं.

आणि तो फोन. "ऑपरेशन केलं तर हृदय नीट चालेल, वाडीत पाणी धरता येईल. पण टेबलावरच जाईन असंही डॉक्टर म्हणतात. नाही केलं तर दोन-तीन वर्षं, खाटेवर. काय करू, घाट्या?"

मी म्हणालो, "दुसऱ्या डॉक्टरला विचार ना... घाई नको... बघू..."

तिकडून तो हसला. "उडालास! अजून उडतोसच तू."

तो गेल्यावर हे मला खात राहिलं. मी सरळ 'नको' म्हटलं असतं तर? मागच्या आठवड्यात रोझाला विचारलंच.

"भाऊ, ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांनी त्या सकाळीच केली होती. फोन नंतर लावला."

"मग मला कशाला विचारलं?"

"भीती वाटत होती त्यांना. तुमच्याशी बोलून हसत आत आले."

इनासला भीती वाटते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

ते बोंड माझ्या क्रेनच्या केबिनमध्ये असतं. मोठा भार उचलण्याआधी मी ते मुठीत धरतो आणि हात एकदा पूर्ण गोल फिरवतो. वर आला की अजूनही किंचित अडतो.