इस्त्रीला हात लावायचा नाही

आमच्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाला हात लावायची मला बंदी होती. लहान पोरं चटका बसेल म्हणून ओरडा खातात, ते मोठी झाली की संपतं. माझं शिक्षण संपलं तरी हे संपलं नव्हतं. मी काउंटरवर बसायचं, कपडे घ्यायचे, चिठ्ठ्या टाचायच्या आणि आतल्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हा आत्याचा कायदा. आत वाफेची इस्त्री आणि इस्त्रीमागे आत्या. "आत पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन," असं ती मला रोज न चुकता ऐकवायची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि काही वर्षांनी पेटी घेऊन परत आली ती कायमचीच. का, म्हणून विचारलं की घरात एकच उत्तर: स्वभाव. अशा जिभेच्या बाईला कोण नांदवणार? मलाही ते पटायचं, कारण ती जीभ मी रोज ऐकत होते. गिऱ्हाइकानं शर्टावर डाग राहिला म्हणून कुरकुर केली की आतून आवाज यायचा, "डाग तुमचा तुम्ही पाडलाय, आम्ही फक्त घडी घालतो!" बाबा काउंटरवर कसनुसं हसायचे. पण हात असा, की तिनं केलेली कॉलर संध्याकाळपर्यंत मान टाकायची नाही.

"पोरगी अगदी आत्यावर गेलीय," हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. तेच नाक, तीच हनुवटी, तोच तिरसटपणा. मला खरं सांगायचं तर बरं वाटायचं. गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं फोड यायला लागले. साध्या पुटकुळ्या नव्हेत, चांगले आतून ठसठसणारे. एक बसतोय तोवर दुसरा हजर. काउंटरवर बसणाऱ्या बाईनं तोंड लपवायचं कुठे? आणि लोकांचं काय विचारता! पँट टाकायला आलेला माणूससुद्धा डॉक्टर होतो. एकीला वाटे माझं पोट साफ होत नाही, दुसरी म्हणे तळलेलं बंद कर. एक रिटायर्ड साहेब तर चष्मा वर करून, नीट निरखून म्हणाले, "लग्न झालं की जातात हो हे." मी म्हटलं, "तुमचं टक्कल गेलं का काका लग्न झाल्यावर?" त्या दिवशी बाबांनी मला असं झापलं की आत्यासुद्धा आतून हसायची थांबली.

फोडांचं मी निभावून नेलं असतं. पण पाळी चुकायला लागली. आधी महिनाभर, मग दोन-दोन, मग मी मोजायचंच सोडलं, कारण मोजलं की धडकी भरायची. आणि त्यानंतर हनुवटीखाली केस आले. दोन-चारच, पण काळे आणि राठ. ते बोटाला लागले, आणि असे केस मला ओळखीचे होते. आत्याला येतात. न्हाणीघरात साबणाच्या डब्यामागे तिचा एक छोटा चिमटा असतो, आणि तिला वाटतं ते कुणाला माहीत नाही.

म्हणजे मी नुसत्या नाकानं आत्यावर गेलेली नव्हते तर. आत्याला मूल झालं नाही. घरात त्यावर कुणी बोलत नसे, पण तिच्या स्वभावाच्या गोष्टीमागे ते आहे हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. आणि मला मुलं हवीत. कुणापाशी बोलले नव्हते, पण फार हवीत. चिठ्ठी टाचता टाचता डोक्यात तेच फिरायचं, की मलाही होणार नाही, मलाही एक दिवस पेटी घेऊन याच दारात यावं लागणार आणि लोक म्हणणार, स्वभाव. साड्यांच्या चिठ्ठ्या चादरींना लागायला लागल्या.

चोरून मी आत्याचाच चिमटा वापरत होते. एका सकाळी न्हाणीघराची कडी नीट बसली नव्हती. आत्या दार ढकलून आत आली, आणि मी आरशापुढे मान वर करून उभी, चिमटा हातात. आता कान उपटणार, असं वाटलं. पण ती चौकट धरून उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"कधीपासून?"

"झाले सहा-सात महिने."

"आणि पाळी?"

"चुकते. मोजत नाही आता."

"आत गेली होतीस तू? मी नसताना? इस्त्रीपाशी? खरं सांग!"

"नाही गं! इस्त्रीचा काय संबंध?"

तिनं माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी बाबांना म्हणाली, माझी दाढ दुखतेय, पोरीला सोबत नेते. आणि भर कामाच्या दिवशी तिनं इस्त्री बंद केली.

दवाखान्यात मला सोनोग्राफीसाठी पाणी पाजून पाजून बाकावर बसवलं, वर सांगितलं, रोखून धरा. इकडे जीव जातोय, तिकडे नंबर येत नाही. एरवी आत्यानं तिथल्या पोरींची हजेरी घेतली असती. पण ती पर्सचा बंद पिळत गप्प बसली होती. आत्या गप्प आहे, याचीच मला जास्त भीती वाटली.

तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी फोटो बघितले, खूप प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला असा त्रास? आई, मावशी, आत्या?"

"नाही," मी लगेच म्हटलं. आत्याला परक्या बाईपुढे उघडं पाडायची माझी छाती नव्हती.

"आहे," आत्या म्हणाली. "मला आहे. हिच्या वयाची होते तेव्हापासून. फोड, केस, पाळी, सगळं. मूल झालं नाही." आणि मग एका दमात, जवळजवळ भांडल्यासारखं, "पण डॉक्टर, हिला मी इस्त्रीला कधी हात लावू दिला नाही. वाफेजवळ फिरकू दिलं नाही. मग हिला कसं झालं?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "वाफेनं होतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सासूबाईंनी. म्हणाल्या, लहानपणापासून वाफेत उभी राहून हिचं पोट सुकलंय."

"वाफेचा काही संबंध नाही, मावशी. याला पीसीओएस म्हणतात. हार्मोन्सचा तोल बिघडतो. पुष्कळदा ते घराण्यात असतं. तुम्ही काही केलं म्हणून नाही."

रक्ताच्या तपासण्या करायच्या होत्या, साखरेवर लक्ष ठेवायला लागणार होतं. हे मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी पाळी आणि फोड आटोक्यात राहतात, असं त्या सांगत होत्या. मला धड ऐकू येत नव्हतं.

"आणि मूल?" मी विचारलं.

"होतं की. कित्येकींना आपोआप होतं, काहींना औषधाची मदत लागते. मी शब्द देणार नाही, पण आत्ताच रडायचं काही कारण नाही."

मी तरी रडलेच. आत्या रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "माझ्या वेळी होती ही औषधं?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काही होती."

आत्यानं मान हलवली आणि पर्स उचलली.

माझी भीती गेली म्हणाले तर ते खोटं होईल. रिपोर्ट अजून यायचे होते. आत्या घरी न जाता थेट दुकानात शिरली. आतून इस्त्रीचा फसफस आवाज आला आणि मग तिचा.

"ए कार्टे, आत ये."

मी उंबऱ्यापाशी थांबले. पाऊल उचलेना.

"आत ये म्हणतेय ना! तंगडं मोडलंय का?"

मी आत गेले. टेबलावर एक पांढरा शर्ट पसरलेला होता. तिनं माझा हात धरून इस्त्रीच्या मुठीवर ठेवला. "कॉलर आधी. टोकाकडून मध्ये ये. घाबरतेस काय, दाब नीट."

वाफ उठली, दोघींच्या तोंडावर आली. आत्या बाजूला झाली नाही.

"हे दुकान अण्णांचं," ती म्हणाली. अण्णा म्हणजे माझे आजोबा. "मला या टेबलाशी त्यांनीच उभं केलं. मी पेटी घेऊन परत आले ना, तेव्हापासून ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. प्राण जाताना माझे दोन्ही हात धरून ढसाढसा रडले. म्हणाले, पोरी, या इस्त्रीपायी मी तुझा संसार जाळला."

मी इस्त्री उचलून धरली. आत्यानं ती परत कॉलरवर टेकवली.

"उगाच रडले गं," ती म्हणाली. "कुणी सांगितलंच नाही त्यांना. उगाच रडत गेले."