बुलबुलाच्या घरट्यासमोर

मोहफुलांचा गोड, जडसर वास आला की मला सिंदेवाहीजवळच्या जंगलातली ती चैत्रातली सकाळ आठवते. नवा कॅमेरा गळ्यात घालून मी सुट्टीच्या दिवशी एकटाच भटकत होतो. एका बुटक्या झुडपात बुलबुलाचं घरटं दिसलं, आत चोची वासून बसलेली दोन पिल्लं. मध्ये पानं येत होती, म्हणून मी फांदी बाजूला ओढून रुमालानं बांधली आणि समोरच टपून बसलो. पिल्लांची आई आली, पण पलीकडच्या पळसावर बसून नुसती कलकलत राहिली. येईल, असं मला वाटलं. पिल्लांवर ऊन चढलं, त्यांच्या माना कलल्या, तरी मी हललो नाही. जवळच मोहफुलं वेचणारी एक म्हातारी बाई टोपली ठेवून उठून आली. “काऊन बांधली जी फांदी? लेकरायले ऊन लागून राह्यलं ना! माय तुमच्या डरानं येऊन नाई राह्यली.” मी फोटोचं काहीतरी पुटपुटलो. तिनं गाठ सोडली, मला हाताला धरून लांब मोहाखाली नेलं आणि सोबत फुलं वेचायला बसवलं. बऱ्याच वेळानं आई घरट्यावर उतरली, दोन्ही चोची पुन्हा वर आल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. मी ओशाळून कॅमेरा पिशवीत घालू लागलो, तर बाई म्हणाली, “आता माझा काढा, भाऊ. मी काई उडून नाई जात.” आता घरटं दिसलं की मी लांबूनच बघतो. बाईंचा तो फोटो माझ्या टेबलावर आहे, जरा हललेला, कारण काढताना मीही हसत होतो.