खळं वेगळं, मीठ वेगळं

अंबडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्राची जागा निघाली, तेव्हा मी घरी बसून बसून वैतागले होते. ती जागा मला हवीच होती. अकरावीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता. शेवटच्या बाकावर संस्थेचे अध्यक्ष बसले होते, पक्के ऊसवाले, आणि त्यांच्या शेजारी शहरातून आलेले विषयतज्ज्ञ.

मी विषय घेतला हॅलोफाइट, म्हणजे खारवट जमिनीत तग धरणाऱ्या वनस्पती. कालव्याच्या पाण्यानं चिबडून खारावलेल्या शेतातून उपटलेली घोळीची भाजी टेबलावर ठेवली. ‘हॅलो’ म्हणजे फोन आणि ‘फाइट’ म्हणजे मारामारी, असं म्हणत पोरं मनसोक्त हसली. मीही हसले. मग शब्दाची फोड करायला फळ्याकडे वळले, तेवढ्यात तज्ज्ञ उठले. त्यांनी सांगून टाकलं की हॅलो म्हणजे वलय. अशा झाडांभोवती जमिनीवर मिठाचं पांढरं कडं दिसतं, म्हणून हे नाव.

ऐकायला फार छान होतं, पण साफ चूक होतं. आणि चूक ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. घरचे याला तिरसटपणा म्हणतात, म्हणोत बापडे. मी म्हणाले, सर, इथं दोन ग्रीक शब्दांचा घोळ होतोय. आपला शब्द आहे तो मिठाचा, आणि फाइट म्हणजे वनस्पती. वलयाचा शब्द निराळा, त्याचा मूळ अर्थ धान्य मळायचं खळं. खळ्यात बैल गोल फिरतात, त्यावरून पुढं चंद्राभोवतीचं कडं. आपणही चंद्राला खळं पडलं म्हणतोच की. इतक्या लांबच्या दोन भाषांना एकच गोष्ट सुचावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तज्ज्ञांचा चेहरा उतरला. जागा हातची गेली हे मला तिथंच कळलं. तरी दोन्ही शब्द मी फळ्यावर लिहिले आणि पाठ पुरा केला.

नंतर अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. तज्ज्ञ मोबाइलवर काहीतरी शोधत होते.

“बाई, सायबांच्या हो ला हो केलं असतं तर बिलकुल अडचण आली नसती,” अध्यक्ष म्हणाले. “मंग कामून बोललात?”

“पोरांनी लिहून घ्यायला सुरुवात केली होती, सर.”

अध्यक्षांनी तज्ज्ञांकडे पाहिलं. त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि माझं बरोबर असल्याचं सांगितलं.

“मंग उद्यापासून तुम्हीच लिहून द्या पोरांना,” अध्यक्ष म्हणाले.