स्वतः पाहिलेलाच प्राणी

"मी वाघ होतो," असं कुणी म्हटलं की कलमभाऊ फासे मुठीत दाबून धरायचे आणि शांतपणे विचारायचे, "कुठं पाहिलास?"

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत ते कंत्राटी तपासनीस होते. प्रेसमधून निघालेल्या पत्र्याच्या भागांतली खोट शोधायची, हे त्यांचं काम. मी तिथंच इंजिनिअर, कायम नोकरीतला. रविवारी दुपारी दिघीला त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही चारपाच जण फाशांचा खेळ मांडायचो. कलमभाऊ गोष्ट रचणार, आपण आपल्या पात्राचं बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासे सांगणार. माझं आणि लातूरच्या बालाजीचं पात्र म्हणजे जनावराचं रूप घेणारा रानातला साधू. या खेळाच्या इंग्रजी पुस्तकातले सगळे नियम त्यांनी दोनशे पानी वहीत मराठीत उतरवले होते, प्रत्येकाला कलम नंबर देऊन. म्हणून ते कलमभाऊ.

कलम सात: पाहिलेल्या प्राण्याचंच रूप घेता येईल. पुस्तकात ते पात्राला लागू होतं. भाऊंनी ते आम्हाला लावलं. "कागदावरच्या माणसाला डोळे कुठले? तुला आहेत ना?" झालं! अस्वल, गरुड, सगळे बाद. प्राणिसंग्रहालयातलंही चालायचं नाही. "पिंजऱ्यातलं जनावर मोकळं कसं धावतं, ते तुला काय ठाऊक?"

त्यामुळे बालाजी राक्षसाच्या किल्ल्यात म्हैस होऊन शिरला, आणि पहारेकऱ्याला रस्ता विचारायला लागला.

"म्हैस बोलत नाही, बालाजी."

"अहो, पण आतून मी बालाजीच हाय की!"

"मग आतल्या आत बोल."

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. भाऊ मात्र हसले नाहीत. नियमाच्या बाबतीत त्यांना थट्टा खपायची नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "खेळच आहे ना भाऊ, एवढं काय त्यात?" तर म्हणाले, "इंजिनिअर, नियम लिहिलेला असला की आपल्यासारख्याला भांडता येतं. नाहीतर साहेबाच्या तोंडून निघेल तो नियम." 'आपल्यासारख्याला' म्हणताना त्यांनी मलाही त्यात धरलं होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

डुक्कर आणि घूस होऊन होऊन मी कंटाळलो होतो. एका रविवारी ठोकून दिलं, "मी बिबट्या पाहिलाय. शुक्रवारी सकाळी, कंपनीच्या मागच्या भिंतीवर." आमच्याकडे उसात बिबटे निघतात, त्यामुळे कुणी हसलं नाही. भाऊंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "शपथ?"

"आईशप्पथ."

त्यांनी माझ्या नावापुढे 'बिबट्या' लिहिलं. त्या दिवशी मी राक्षस फाडला. बालाजीनं पाठ थोपटली, आणि मीही ती मजेत थोपटून घेतली.

सोमवारी कंपनीत गेलो तर गेटवर गर्दी. भाऊंनी सिक्युरिटीला कळवलं होतं. वनखात्याची माणसं आली, अख्खी शिफ्ट बंद पडली आणि झुडपातून निघालं एक खरजुलं कुत्रं. मॅनेजर भडकला. एचआरच्या केबिनमध्ये भाऊंना उभं केलं. लाइन किती वेळ बंद होती ते सांगायला मलाही बोलावलं होतं.

"बिबट्या कुणी पाहिला?" मॅनेजरनं विचारलं.

भाऊ लगेच बोलले नाहीत. समोरच्या टेबलाकडे पाहत उभे राहिले. माझ्या प्रमोशनची यादी त्याच आठवड्यात लागायची होती. शब्द अगदी ओठांवर आले होते, ते मी गिळले. नालायक माणूस मी, दुसरं काय!

"मी पाहिला," भाऊ म्हणाले.

महिनाअखेरीला त्यांचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. माझं प्रमोशन झालं. रविवारचा खेळ मोडला.

मग एकदा हिय्या करून दिघीला गेलो. भाऊ माण गावातल्या एका आयटी कंपनीच्या गेटवर लागले होते. वॉचमनच्या शर्टाला इस्त्री करत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "भाऊ, बिबट्या खोटा होता."

"ठाऊक होतं. रोज खोटच शोधायचो ना."

"मग कळवलंत कशाला?"

"हाऊसकीपिंगच्या बायका त्या भिंतीला टेकून डबा खातात. एखादवेळी खरं निघालं असतं म्हणजे?"

मला पुढचं विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "आणि माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली. "ते तुम्ही सांगायचं होतं, साहेब. मी थांबलो होतो की थोडा वेळ."

पाच वर्षांत भाऊंनी मला पहिल्यांदाच अहोजाहो केलं.