काचेवर मारलेला वार्निशचा हात

इकडे ये गो, अशी जवळ बस. वर्षातून एकदा येतेस आणि ती पण उंबऱ्यावरूनच पळायच्या बेतात! मघाशी वाडीतल्या सोलरच्या खांबाकडे बघून म्हणालीस, "आत्या, या दिव्यामुळेच बाबा तुझ्याकडे येत नाहीत ना?" दिव्यामुळे नाही गो. माझ्यामुळे. आता ऐकूनच जा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पेणच्या खाडीला लागून आमचं हे घर, मागे वांगी-मिरचीची वाडी. मिठागराकडून येणारा बांध वाडीच्या टोकाला संपतो. त्याच्या एका अंगाला चिखल, दुसऱ्या अंगाला खारं पाणी. माझे सासरे, मामंजी, रोज तिन्हीसांजेला त्या बांधाने परतायचे. नजर अधू व्हायला लागली होती, म्हणून पंचायतीच्या योजनेतला सोलरचा दिवा मागून घेतला आणि बांध संपतो तिथेच उभा केला. मामंजी म्हणायचे, "दिवा दिसला की पायांना डोळे फुटतात गो."

खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात खांबाला गंज चढला. तुझा बा हमरापूरला गणपती रंगवायचा, त्याने उरलेलं वार्निश आणून दिलं. "ताई, खांबालाच लाव हं," एवढं बजावून गेला. खांब झाला तरी डब्यात थोडं उरलं. वरच्या पॅनलच्या काचेवर रोज मिठाचा थर बसायचा, तो पुसून माझा हात भरून आलेला. मनात आलं, गणपतीच्या मुकुटावर वार्निश कसं चमकतं, पाण्याचा थेंबसुद्धा ठरत नाही! मग काचेलाच का नको? शिडीवर चढले आणि एक हात मारला. काच आरशासारखी दिसायला लागली. मी खूश.

उन्हाने ते वार्निश पिवळं पडत गेलं. ओलं असताना बसलेली धूळ आतच चिकटली. दिवा मिणमिणायला लागला, मग लागल्या लागल्या विझायला लागला. मामंजी तक्रार करायचे नाहीत. एका संध्याकाळी ते बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं.

तुझा बा भेटायला आला तेव्हा घरात माणसं जमलेली. धाकटे दीर खांबावर चढून बघून आलेले. "काचेला वार्निश कोणी फासलं? गणपती समजला काय?" मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. पुढे होऊन पेल्यांत पाणी ओतायला लागले. तुझ्या बाने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "मीच लावलं. चुकलं माझं." चपला घातल्या आणि गेला. परत या अंगणात आला नाही.

बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून मी दिव्याच्या मागे लागले. चार दिवस थिनरच्या फडक्याने काच घासली. बॅटरी पिशवीत घालून एसटीने रोह्याला नेली. तिथला वायरमन म्हणाला, "मावशी, ही उपाशी मेली. वरून खायलाच मिळालं नाय हिला." त्याने जरा मोठी बॅटरी दिली, तिच्यात डिस्टिल वॉटर कसं भरायचं ते शिकवलं, पॅनलचं तोंड दक्षिणेला करायला सांगितलं. आंब्याची फांदी आड येत होती, म्हणून खांब हातभर उंच करून घेतला. दिवा पहिल्यापेक्षा लख्ख लागला.

मामंजी मागच्या पडवीत खाटेवर होते. बघत राहिले. "लागला ना? आता मला कुठं चालायचं हाय?" मग म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, माझा राग नाय."

तो निरोपसुद्धा मी दिला नाही. देताना, मामंजींना मी अजून खरं सांगितलं नाही, हेही तुझ्या बाला सांगावं लागलं असतं. मामंजी गेले ते तुझ्या बाचीच चूक धरून, माफ करून गेले. माझी चूक त्यांना कळलीच नाही.

धाकटे दीर अजून आहेत, त्यांच्यासमोरच मला हे बोलायचंय. गणपतीची कामं हातावेगळी झाली की तुझ्या बाला घेऊन ये. म्हणावं, ताईने बोलावलंय. बांधाकडूनच या, तिन्हीसांजेला. दिवा लागलेला असेल. पण लवकर या गो, फार दिवस लावू नका.