पी, खट्ट आणि नवरदेवाची गाडी

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि घराण्यातली पहिली ऑटोमॅटिक गाडीही माझीच. दोन्हींचा उपयोग कसा करायचा, हे मात्र मला कुणी शिकवलं नाही.

गाडी घरासमोर उतारावर उभी असायची. सकाळी लिव्हर 'पी'वरून, म्हणजे पार्किंगवरून काढला, की तिच्या पोटातून आवाज यायचा, खट्ट! समोरच्या गॅलरीतली माणसं हातातला चहा ठेवून बघायला यायची, एवढा मोठा!

शेजारचे सलीमभाई सोफे शिवतात. त्यांनी बॉनेटला कान लावला.

"भाऊ, आत स्प्रिंग तुटलीया."

"सोफा हाय व्हय हा?"

"आवाज तर सोफ्याचाच हाय की!"

शोरूममध्ये नेली. तिथल्या सपाट फरशीवर गाडी अशी गप्प, जणू फौजदारापुढं उभा केलेला साक्षीदार! घरी आणून उतारावर लावली आणि सकाळी पुन्हा खट्ट!

अशात हातकणंगल्याहून धाकट्या बहिणीचा, शोभाचा फोन आला. तिच्या पोराच्या लग्नात नवरदेवाची गाडी माझी ठरली होती. मामाचा मान!

"दादा, गाडी वाजती म्हणं? आई सांगत हुती. नवरीकडच्यांच्या दारात मोडली तर? माझ्या दिराची गाडी सांगू का?"

"खबरदार!" मी ओरडलो. (दिराची गाडी! बारावी नापास दिराची!) "लग्नाच्या आत आवाज बंद करतो."

बायको नुकतीच ड्रायव्हिंग क्लासला जायला लागली होती. रविवारी उतारावर गाडी लावताना तिनं विचारलं, "अहो, हँडब्रेक कुठाय?"

हँडब्रेक होता, पण त्याच्या दांड्याला लाल फडकं बांधलेलं. पूजेच्या दिवशी आईनं त्यात जोतिबाचा गुलाल नि खोबरं घालून गच्च गाठ मारली होती. "गाडी थांबवायची ती हीच वस्तू न्हवं? मग देव हितंच पायजे. कुणी हात लावायचा न्हाय." आणि त्यावर मी पदवीधर मत दिलं होतं, "ऑटोमॅटिकला हँडब्रेक लागतच नाही, आई."

"देवाला जरा वर बसवूया," म्हणत बायकोनं फडकं सोडून आरशाला बांधलं. ब्रेकवर पाय, हँडब्रेक वर, मग 'पी'.

दुसऱ्या दिवशी बायकोनंच गाडी काढली, ती मांजरासारखी निघाली! इतके दिवस उतारावरच्या गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एवढ्याशा खुंटीवर. 'पी' सोडला की ती ताणलेली खुंटी सुटायची, म्हणून खट्ट!

मी लगेच शोभाला फोन लावला. "दोष सापडला."

"कुणाचा?"

"गाडीचा." (शेजारी बायको खोकली.)

लग्नादिवशी झेंडूच्या माळांनी गाडी सजली, भाचा मागे बसला आणि मी ऐटीत निघालो. गाडी जरा जड चालत होती. (भाचा अंगानं भरलेला, म्हणून मी मनावर घेतलं नाही.) समोर स्पीडच्या काट्याशेजारी एक लाल दिवा लागला होता. लग्नाच्या गाडीला रोषणाई असायचीच!

"मामा, कायतरी जळतंय."

"होमाचा धूर असंल, बाळा."

"हॉल अजून लांब हाय की वं! आपल्याच चाकातनं येतोय!"

मी खाली पाहिलं. हँडब्रेकचा दांडा ताठ वर! लावायला शिकलो होतो. सोडायचं डोक्यातच नव्हतं.

भाचा खोकत उतरला आणि त्यानं रिक्षाला हात केला. "मामा, तुमी निवांत या."

पण त्याची रिक्षा गर्दीत अडकली आणि निवलेली चाकं घेऊन मीच आधी हॉलवर पोचलो. झेंडू दिसताच बँडवाले तुटून पडले. नवरीच्या आजीनं नवरदेव अजून पाहिला नव्हता. ती ताट घेऊन लगबगीनं आली, काचेतून मला ओवाळलं, माझ्या पांढऱ्या मिश्या निरखल्या आणि मागं वळून सगळ्यांदेखत म्हणाली,

"पोरगा लई शिकल्याला हाय म्हनला हुतासा, पर इतकी वर्सं शिकतच हुता व्हय?"